क्लोरीनशिवायचा तलाव आणि स्पा: सोलापूरच्या पाण्यात काय टाकायचं, किती टाकायचं आणि कसं तपासायचं

बाटलीत पाणी घ्यायचं, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकायचे, पिवळं झालं की "औषध आहे" म्हणायचं. ग्रामपंचायतीच्या टाकीपासून सोसायटीच्या तलावापर्यंत ही सवय सगळ्यांच्या हातात बसलेली आहे. क्लोरीन सोडायचा विचार असेल तर सगळ्यात आधी ही सवय सोडावी लागते. क्लोरीनशिवायच्या बहुतेक औषधांना ओटी काहीच उत्तर देत नाही. पाणी बिनरंगी राहतं. मग तलाव बघणारा माणूस घाबरून दोन मुठी टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळा तलाव गढूळ तपकिरी होतो. क्लोरीनशिवायचे तलाव बिघडतात ते बऱ्याचदा असेच. म्हणून या लेखात डोसाइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

नावांचा घोळ आधी मिटवू

"सॉल्ट वॉटर पूल" म्हणजे क्लोरीनमुक्त नव्हे. त्यातलं यंत्र मिठापासून क्लोरीनच तयार करतं. ओझोन आणि यूव्ही दिवा ही दोन्ही यंत्रं जंतू मारतात, पण फक्त त्यांच्यातून जाणाऱ्या पाण्यातले. तलावात पोहणाऱ्या दोन माणसांच्या मधल्या पाण्यात त्यांचा काहीच अंश उरत नाही. त्यामुळे ती मदतनीस म्हणून चांगली, एकट्याच्या भरवशावर नाहीत. तांबं-चांदी सोडणारं आयोनायझर शेवाळावर चांगलं चालतं, जंतूंवर मात्र हळू काम करतं. आपल्याकडच्या जड पाण्यात पीएच वर गेला की तेच तांबं भिंतींवर हिरवट डाग सोडतं. चांदीमिश्रित पेरॉक्साइडच्या जाहिराती खूप असतात, पण बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर चांदी साक्यासारखी खाली बसते.

पाण्यात टिकून राहणारं आणि क्लोरीन नसलेलं जंतुनाशक म्हणून खऱ्या अर्थाने दोनच पर्याय उरतात. पहिला बायग्वानाइड, म्हणजे पीएचएमबी, आणि त्याच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड. दुसरा ब्रोमीन. उघड्या तलावासाठी पहिला आणि झाकण असलेल्या स्पासाठी दुसरा, असं सरळ धरून चाला. ब्रोमीन उन्हात तासाभरात उडायला लागतं. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड ब्रोमीनला वाचवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या गावात उघड्या तलावात ब्रोमीन टाकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

क्लोरीनच्या वासाला कंटाळून हे सगळं करायचं असेल तर एक गोष्ट आधी तपासा. डोळे चुरचुरणं आणि उग्र वास हा बहुतेक वेळा जास्त क्लोरीनचा नसतो. घाम-लघवीशी जोडलं जाऊन वाया गेलेल्या क्लोरीनचा तो असतो. आंघोळ करूनच तलावात उतरणं आणि पंप पुरेसा चालवणं एवढ्यानेही हा त्रास अनेकदा जातो. दमा किंवा त्वचेचा खरा त्रास घरात कुणाला असेल तर पुढचं वाचा.

कुठे वापरू नये

घरचा तलाव, फार्महाऊसचा तलाव, ओळखीची पाच-दहा माणसं, इथे बायग्वानाइड ठीक आहे. तिकीट लावून चालणारा तलाव, शाळेचा तलाव, लग्नाच्या हॉलचा किंवा रिसॉर्टचा तलाव असेल तर क्लोरीनच ठेवा. बायग्वानाइड क्लोरीनपेक्षा सावकाश मारतं. गर्दीत एकाकडून दुसऱ्याकडे रोग जाण्याआधी जंतू मरायला हवेत आणि तेवढा वेळ तिथे मिळत नाही. दुसरं म्हणजे कुणाला पाण्यात जुलाब झाले तर क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ना बायग्वानाइडला दाद देतो ना ब्रोमीनला. क्लोरीनच्या तलावात मोठा डोस देऊन दिवसभर तलाव बंद ठेवता येतो. इथे तो मार्ग नाही, पाणी काढून टाकावं लागतं.

पाणी नेमकं किती

अंदाजाने टाकलेला डोस हा डोस नव्हे. फुटांत मोजलं असेल तर लांबी × रुंदी × सरासरी खोली करा आणि २८.३ ने गुणा, लिटर मिळतात. उथळ बाजू ३.५ फूट आणि खोल बाजू ५.५ फूट असेल तर सरासरी ४.५. पंचवीस बाय पंधराचा तलाव असेल तर १,६८७ घनफूट, म्हणजे साधारण ४८,००० लिटर. पुढचे सगळे हिशेब याच तलावाचे दिले आहेत. तुमच्या तलावासाठी दर हजार लिटरचा आकडा घ्या. टँकरने भरला असेल तर किती टँकर आणि प्रत्येकी किती लिटरचा, हेही लिहून ठेवा. दोन्ही हिशेब जुळले तर मोजमाप बरोबर आहे.

सोलापूरच्या पाण्याबद्दल

भरण्याचं पाणी तीन ठिकाणांहून येतं: महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं. तिघांचे प्रश्न वेगळे.

महापालिकेच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं. बायग्वानाइड टाकण्याआधी ते शून्यावर यायला हवं, आणि ओटीचा खरा उपयोग इथेच आहे. पिवळा रंग अजिबात दिसायला नको. साधा उपाय ऊन. पंप चालू ठेवून तलाव दोन दिवस उघडा ठेवला की टीसीएलचं क्लोरीन आपल्या उन्हात आपोआप जातं. पूर्वी ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या एका प्रकारच्या) गोळ्या वापरलेला तलाव असेल तर त्यात सायन्युरिक ॲसिड साठलेलं असतं आणि क्लोरीन लवकर जात नाही. तिथे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लागतं. एक पीपीएम (लिटरमागे एक मिलीग्रॅम) क्लोरीनसाठी दर हजार लिटरला जास्तीत जास्त ७ ग्रॅम. आपल्या ४८,००० लिटरला साधारण ३३५ ग्रॅम. आधी निम्मं टाका, तासभराने ओटी करा, मग उरलेलं.

बोअरचं पाणी जड. ते वापरायला हरकत नाही, पण उन्हाळ्यातलं बाष्पीभवन लक्षात घ्या. पंचवीस बाय पंधराच्या तलावाचं क्षेत्र सुमारे ३५ चौरस मीटर. रोज ८ मिलीमीटर पाणी उडालं असं धरलं तर दिवसाला २८० लिटर, महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास. पाणी उडतं, चुना तलावातच राहतो. ही तूट ५०० पीपीएम कठीणपणाच्या बोअरने भरली तर महिन्याला तलावाचा कठीणपणा ८५-९० पीपीएमने चढतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत २५० चा तलाव ५०० च्या पुढे जातो, आणि मग फरशीच्या कडेला हात फिरवला की खरखरीत पांढरी रेघ लागते. म्हणून पहिल्यांदा बोअरने भरला तरी तूट मात्र मऊ पाण्याने भरा. रात्री तलावावर झाकण टाका. पावसाळ्यात गच्चीचं पहिलं धुळीचं पाणी सोडून देऊन पुढचं तलावात घेता आलं तर फारच उत्तम.

तिसरा धोका शेताकडचा. डाळिंबाच्या बागेशेजारी तलाव असेल तर तेल्या रोगासाठी मारलेलं बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड वाऱ्याने पाण्यात येतं. शेततळ्यात शेवाळ मारायला मोरचूद टाकलेलं असतं आणि तेच पाणी तलावात भरलं जातं. तांबं आणि बायग्वानाइड एकत्र नांदत नाहीत, पाणी रंग बदलतं आणि गढूळ होतं. फवारणीच्या दिवशी तलाव झाका. मोरचूद टाकलेल्या शेततळ्याचं पाणी या तलावासाठी घेऊच नका.

भरून झाल्यावर, औषधाआधी, तीन गोष्टी जागेवर आणा: पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम. आपल्याकडे अल्कलिनिटी बहुतेक जास्तच निघते. ती १० पीपीएमने उतरवायला ३३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड दर हजार लिटरला १९ मिली, आपल्या तलावाला सुमारे ९०० मिली. यापेक्षा जास्त एका वेळी टाकू नका. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला ओता आणि सहा तासांनी पुन्हा मोजा. क्वचित अल्कलिनिटी कमी निघाली तर खाण्याचा सोडा, १० पीपीएम वाढवायला हजार लिटरला १७ ग्रॅम.

बादलीची चाचणी: हिच्याशिवाय पुढे जाऊ नका

वीस लिटरची स्वच्छ बादली घ्या, पांढरी असेल तर उत्तम. तिला साबण किंवा वॉशिंग पावडर लागलेली नको. तलावाच्या मध्यभागातलं, कोपरभर खोलीवरचं पाणी भरा. इंजेक्शनच्या सिरिंजने १ मिली बायग्वानाइड, म्हणजे २० टक्क्यांचं द्रावण, टाका आणि लाकडी काठीने ढवळा. ही ५० पीपीएमची मात्रा झाली. झाकून रात्रभर सावलीत ठेवा.

सकाळी बादली न हलवता वरून बघा. तळ स्पष्ट दिसत असेल आणि बाजूला बोट फिरवल्यावर काही लागत नसेल तर पाणी तयार आहे. दुधासारखी झाक आली, तळाशी कापसासारखे धागे बसले किंवा पिवळट, तपकिरी, जांभळट असा कुठलाही रंग आला तर पाण्यात क्लोरीन, तांबं किंवा साबण शिल्लक आहे. वीस लिटर फेकून देणं सोपं असतं, अठ्ठेचाळीस हजार लिटर नाही.

क्लोरीनचा जुना तलाव बदलत असाल तर ही चाचणी दोनदा करा. एकदा तलावाच्या पाण्यावर, एकदा फिल्टर उलटा धुताना निघालेल्या पाण्यावर. वाळूत अडकलेला जुना मळ दुसऱ्या बादलीत दिसतो. वाळू तीन-चार वर्षांची असेल तर या निमित्ताने बदलूनच टाका.

पहिला डोस

सुरुवात संध्याकाळी करा. पंप चालू, व्हॉल्व्ह फिल्टरवर. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल.

बायग्वानाइड दर हजार लिटरला ५० मिली, आपल्या तलावाला २.४ लिटर. बाटलीवरची टक्केवारी वाचा, हा हिशेब २० टक्के द्रावणाचा आहे. स्किमरमध्ये (वरचं पाणी ओढून फिल्टरकडे नेणाऱ्या तोंडात) ओतू नका, तिथून ते घट्टच्या घट्ट फिल्टरच्या वाळूवर जाऊन बसतं. तलावाच्या कडेने चालत पाण्याजवळ हात नेऊन बारीक धारेने सोडा. पंप चोवीस तास चालू राहू द्या. लाइट जाणार असेल तर जितके तास मिळतील तितके, पण एकूण चोवीस भरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेरॉक्साइड. तलावासाठी विकलं जाणारं बहुधा २७ टक्क्यांचं असतं: दर हजार लिटरला १०० मिली, एकूण ४.८ लिटर. त्याने साधारण ३० पीपीएम मिळतं. सोलापुरात ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड सहज दिसतं, कारण चादर-टॉवेलच्या ब्लिचिंगला तेच लागतं. हिशेबाने ते निम्मं, हजार लिटरला ५० मिली, पुरतं. पण नवशिक्याने ते हाताळू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ५० टक्क्यांचा एक थेंब कातडीला लागला की तिथे क्षणात पांढरा चट्टा पडतो आणि झोंबत राहतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय कारखान्याच्या मालात तलावाला नको असलेले स्टॅबिलायझर असू शकतात. २७ टक्क्यांचंच घ्या, मोजे त्यालाही लागतातच.

पेरॉक्साइड संध्याकाळीच टाकायचं, कारण ऊन त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. रात्रभर ते काम करतं. त्या रात्री कुणी पाण्यात उतरू नये. सकाळी पट्टीने मोजा, मग पोहा.

पेरॉक्साइड कशाला, बायग्वानाइड आहेच की? हा प्रश्न नेहमी येतो. बायग्वानाइड जंतू मारतं, पण मेलेले जंतू, घाम, तेल, धूळ यांना जाळत नाही. तो कचरा जाळण्याचं काम पेरॉक्साइडचं. ते वगळलं तर पाणी पहिले दोन आठवडे काचेसारखं दिसतं आणि मग हळूहळू मंद होत जातं.

शेवाळावर दोघांचाही जोर कमी. आठवड्यातून एकदा पॉलिक्वॅट प्रकारचं शेवाळनाशक बाटलीवरच्या मात्रेने टाका. लेबलवर "कॉपर" शब्द दिसला की ती बाटली बाजूला ठेवा.

रोज आणि आठवड्याला काय मोजायचं

रोज फक्त दोन गोष्टी: फिल्टरचा दाब आणि डोळ्यांनी पाणी. खोल बाजूच्या तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी पोहणं बंद. बुडालेला माणूस गढूळ पाण्यात दिसत नाही. हा नियम कुठल्याही औषधापेक्षा मोठा आहे.

आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, पूर्ण तपासणी करा. सकाळी, पोहण्याआधी. पाणी रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याच्या, तोंडाजवळचं घेऊ नका, तिथे आकडा खोटा येतो.

बायग्वानाइडसाठी त्याचंच किट लागतं. थेंब टाकून आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. ३० ते ५० हा योग्य पट्टा, आणि तो मूळ २० टक्के द्रावणाच्या पीपीएममध्ये असतो. काही प्रयोगशाळा शुद्ध पीएचएमबी मोजून ६ ते १० असा आकडा देतात. दोन्ही एकच आहेत. हे माहीत नसलं की "फक्त ८ आहे" म्हणून लोक पाचपट औषध ओततात. ३० वर आलं की ५० वर न्या, त्याला हजार लिटरला २० मिली, आपल्या तलावाला ९६० मिली. पन्नासच्या वर नेऊ नका. जास्त झालं तर फेस येतो आणि पाणी निस्तेज होतं.

पेरॉक्साइडसाठी ० ते १०० पीपीएमच्या पट्ट्या मिळतात. डाइंगवाले ब्लिचिंगनंतर कापडात उरलेला पेरॉक्साइड बघायला अशाच पट्ट्या वापरतात. पट्टी पाण्यात एक सेकंद बुडवा, झटका, डबीवर लिहिलेले सेकंद घड्याळात मोजा आणि लगेच निळ्या छटेशी जुळवा. उन्हात धरून वाचू नका, सावलीत या. घामेजलेल्या बोटाने डबीतून पट्टी काढली तर उरलेल्या पट्ट्या ओल धरतात आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्या कमी दाखवतात. डबी तलावाशेजारच्या पंपघरात नको, घरात ठेवा. आकडा ३० च्या खाली असेल तर २७ टक्क्यांचं हजार लिटरला २५ ते ५० मिली. लेबलवर महिन्यातून एकदा लिहिलेलं असेल, पण ते थंड हवेच्या देशांसाठी धरा. मे महिन्यात इथे दर आठवड्याला थोडं थोडं टाकावं लागतं.

पीएचसाठी साधं फिनॉल रेडचं आणि अल्कलिनिटीसाठी तिचं साधं किट चालतं, पण बायग्वानाइडचा रंगावर परिणाम होऊ शकतो. शक्य असेल तर बायग्वानाइडच्या किटसोबत येणारेच थेंब वापरा. कठीणपणा महिन्यातून एकदा पुरे.

सगळे आकडे एका वहीत तारखेसह लिहा. एका आकड्यावरून काही कळत नाही, उतरता क्रम दिसला की कळतं.

बिघाड आणि त्यांची कारणं

पाणी मंद झालं. आधी फिल्टर बघा. बायग्वानाइडने वाळू चिकट होते आणि क्लोरीनच्या तलावापेक्षा लवकर चोंदते. स्वच्छ फिल्टरचा दाब गेजवर मार्करने खूण करून ठेवा. त्याहून ८ ते १० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) चढला की बॅकवॉश, म्हणजे फिल्टर उलटा धुणं. तीन-चार महिन्यांतून एकदा वाळू फिल्टर क्लीनरने भिजवून धुवा. फिल्टर ठीक असेल तर पेरॉक्साइड मोजा. तेही ठीक असेल तर एक छोटी परीक्षा: काचेच्या पेल्यात गढूळ पाणी घ्या आणि त्यात पांढरं व्हिनेगर चमचाभर टाका. ढवळल्यावर नितळ झालं तर चुना आहे, पीएच उतरवा. तसंच गढूळ राहिलं तर सेंद्रिय मळ आहे, पेरॉक्साइडचा पूर्ण डोस द्या आणि पंप चोवीस तास चालवा.

गुलाबी बुळबुळीत थर. शिडीच्या पायरीखाली, दिव्यामागे, स्किमरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे ऊन आणि प्रवाह दोन्ही पोचत नाही तिथे दिसतो. तो बायग्वानाइडला सरावलेल्या जिवाणूंचा असतो. पांढरी बुरशी वेगळी. भिजलेल्या टिश्यू पेपरचे तुकडे पाण्यात तरंगावेत तशी ती रिटर्नच्या तोंडातून बाहेर येते, म्हणजे मूळ पाइपात असतं. दोन्हींचा उपाय एकच आहे आणि तो कष्टाचा आहे. शिडी, झाकणं, दिव्याची चौकट सोडवून ब्रशने घासा. बायग्वानाइड ५० वर आणा. पेरॉक्साइड दुप्पट डोसाने टाका. सगळे व्हॉल्व्ह आलटून पालटून उघडत दोन-तीन दिवस पंप सतत चालवा, शेवटी फिल्टर क्लीनर. घासण्याआधी औषध टाकलं तर ते थराच्या वरच्या पापुद्र्यालाच लागतं आणि आठवड्याने सगळं परत येतं.

फेस. बहुतेक वेळा साबण, केसांचं तेल, किंवा डिटर्जंट नीट न निघालेले कपडे. बायग्वानाइड धन भाराचं आणि साबण ऋण भाराचा, दोघं भेटले की चिकट साका होतो आणि औषध वाया जातं. खोबरेल लावून पाण्यात उतरायची आपल्याकडे सवय आहे. उतरण्याआधी अंग आणि केस धुऊन घ्यायला सांगा.

औषध टाकूनही आकडा टिकत नाही. पोहणारे काय घालून उतरतात ते बघा. पीएचएमबी सुती धाग्याला चिकटून बसतं. सुती टी-शर्ट, सलवार, पंचा घालून आठ-दहा जण दुपारभर पाण्यात राहिले की औषधाचा काही भाग कपड्यांबरोबर घरी जातो, शिवाय तंतू फिल्टरमध्ये. कडेवर टाकलेला सुती टॉवेल पाण्यात लोंबत असेल तर तोही उचला. पोहण्याचे नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडेच चालतील, असं सरळ सांगावं.

तपकिरी पाणी. कुणीतरी टीसीएल टाकलं. थोडं असेल तर पेरॉक्साइड क्लोरीन मारून टाकतं: पूर्ण डोस द्या, पंप चालवा, बॅकवॉश करा, ओटीने शून्य झाल्याची खात्री करा आणि बादलीची चाचणी पुन्हा करा. किलोभर टाकलं असेल तर पाणी बदलणंच स्वस्त पडतं. पंपघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: "या तलावात टीसीएल, क्लोरीन गोळी, मोरचूद टाकू नये." सुट्टीवर जाताना बदली माणसाला हे तोंडीही सांगा. ओझोनचं यंत्र आणि क्लोरीनशिवायच्या शॉकची (मळ जाळायला एकदम दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसाची) पावडर, म्हणजे पोटॅशियम मोनोपरसल्फेट, हीसुद्धा बायग्वानाइड तोडतात. त्यांची जागा पुढे, स्पामध्ये.

स्पासाठी ब्रोमीन

गच्चीवरचा किंवा न्हाणीघरातला हजार-दीड हजार लिटरचा स्पा ही वेगळी गोष्ट आहे. पाणी थोडं, तापलेलं आणि हवेने घुसळलेलं. चार माणसं बसली की मोठ्या तलावात शंभर उतरल्यासारखा मळ होतो. स्यूडोमोनास आणि लिजिओनेला या दोन जिवाणूंना असंच कोमट पाणी आवडतं. पहिला अंगावर पुरळ आणतो, दुसरा वाफेतून छातीत जातो. म्हणून इथे रोज तपासणी, सवलत नाही.

बाजारात "ब्रोमीन गोळी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ब्रोमीनबरोबर क्लोरीनही असतं. खरोखर क्लोरीन टाळायचं असेल तर दोन पुड्यांची पद्धत घ्या. पाणी बदलल्यावर एकदाच सोडियम ब्रोमाइड, हजार लिटरला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे १,२०० लिटरच्या स्पाला साधारण ४० ग्रॅम. हे नुसतं मीठ आहे, जंतू मारत नाही. मग मोनोपरसल्फेट, हजार लिटरला १० ते १५ ग्रॅम. ते ब्रोमाइडचं ब्रोमीन करतं. दहा ग्रॅमला साधारण साडेचार पीपीएम, पाण्यात मळ नसेल तर. प्रत्येक वापरानंतर पुन्हा मोनोपरसल्फेट, आणि झाकण पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं म्हणजे वायू झाकणाखाली अडकत नाही. ओझोनचं यंत्र इथे उपयोगी पडतं, तेही ब्रोमाइडला पुन्हा कामाला लावतं.

मोजायला डीपीडीची (क्लोरीन-ब्रोमीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) क्रमांक १ ची गोळी. क्लोरीनच्या तक्त्यावर आलेला आकडा २.२५ ने गुणा. २ दाखवलं तर ब्रोमीन ४.५. स्पामध्ये ४ ते ६ ठेवा, ३ च्या खाली असेल तर आत बसू नका. क्रमांक ३ ची गोळी टाकू नका, ती उरलेलं मोनोपरसल्फेटही मोजते आणि आकडा फुगतो. ब्रोमीन फार वाढलं असेल तर फिनॉल रेड जांभळा होतो आणि पीएच ८.४ असल्यासारखा दिसतो. घाबरून ॲसिड ओतू नका. नमुन्यात आधी हायपोचा एक थेंब टाका आणि मग पीएच बघा. मोनोपरसल्फेट आम्लधर्मी आहे, पीएच खरं तर खाली खेचतं.

पाणी ४० अंशांच्या वर तापवू नका. पाच वर्षांखालची मुलं आत नकोत, गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. पाणी किती दिवसांनी बदलायचं त्याचा सोपा हिशेब: लिटरला १२ ने भागा, मग रोजच्या माणसांनी भागा. १,२०० लिटर आणि रोज दोन माणसं, तर ५० दिवस.

जंतूंची तपासणी करताना होणारी चूक

गावोगाव पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ती एचटूएसची बाटली तलावासाठीही काही जण आणतात. एक-दोन दिवसांत काळी झाली तर पाणी दूषित. पण नमुन्याबरोबर बायग्वानाइडही बाटलीत जातं आणि तिथेही जंतूंना दाबत राहतं. बाटली काळी होत नाही, आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून "काळी झाली नाही" हा निकाल इथे धरू नका. प्रयोगशाळेत नमुना देताना पाण्यात पीएचएमबी आहे हे बाटलीवर लिहून द्या, म्हणजे ते लेसिथिन आणि ट्वीन असलेलं न्यूट्रलायझर, म्हणजे औषधाचा असर थांबवणारं द्रावण, वापरतील. क्लोरीन-ब्रोमीनसाठी ठेवलेली हायपोची बाटली पीएचएमबीला चालत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पहिल्या पावसानंतर, ही तपासणी करा.

साठवण आणि पाणी काढणं

पेरॉक्साइडचा कॅन पत्र्याच्या पंपघरात ठेवू नका. मे महिन्यात तिथला पत्रा तव्यासारखा तापतो, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायला लागतं आणि कॅन फुगतो. त्याच्या झाकणाला वायू बाहेर जायला छिद्र असतं, ते टेपने बंद करू नका. घराच्या उत्तरेकडची सावलीतली, हवा खेळती असलेली जागा बरी. जवळ लाकडाचा भुसा, चिंध्या, डिझेल नको. टीसीएल घरात असेल तर ते वेगळ्या खोलीत. मोनोपरसल्फेट आणि क्लोरीनची पावडर एकाच मापाने काढू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

पीएचएमबी पोटापेक्षा श्वासावाटे जास्त घातक. त्याचा फवारा कधीही मारू नका. बॅकवॉशचं किंवा तलावातलं काढलेलं पाणी कूलरमध्ये भरू नका, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाण्याच्या टंचाईत असं पाणी हाताशी दिसतं आणि कूलरला रोज बादल्या लागतात.

मासे आणि पाण्यातल्या किड्यांना ते विषारी आहे. विहीर, शेततळं, ओढा, जनावरांचा हौद यांत सोडू नका. पाणी काढायचं तर बंद सांडपाण्याच्या नळीत, हळूहळू. स्पाचं ब्रोमीन आधी शून्यावर येऊ द्या, त्याला झाकण उघडं ठेवून उन्हातले दोन दिवस पुरतात.